हिरव्या चिंधीची तार

डोणगावच्या स्टँडसमोर गफ्फार ऑटो पार्ट्स नावाचं दुकान आहे. पाटीवर नाव गफ्फारचं. गफ्फार जाऊन अकरा वर्षं झाली, आणि होता तेव्हाही पाटी तेवढी त्याची होती, काउंटर नजमुन्निसाचं. तो मागच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर उघडून बसायचा आणि ही पुढं बसून माल काढून द्यायची. हिची शाळा दुसरीची, तीही परीक्षेआधी सुटलेली. इंग्रजी आकडे तिला दूरच्या पाहुण्यांसारखे होते. चेहरा ओळखीचा वाटायचा, नाव आठवायचं नाही. पण तीस वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

दुकानाचा कायदा एकच. जुना पार्ट आण, नवा ने. जुना आणला नाही तर माल समोर दिसत असला तरी मिळायचा नाही. गिऱ्हाईक फडक्यात गुंडाळून, पिशवीत टाकून, कधी सदऱ्याच्या खिशात घालून तो काळा, तेलकट तुकडा आणायचं आणि काउंटरवर ठेवायचं. नजमुन्निसा तो उचलायची, उजव्या हाताचं पहिलं बोट आतून एकदा फिरवायची, अंगठा बाहेरून फिरवायची आणि न बघता मागं वळून भिंतीवरच्या खिळ्यावरून नवा काढून द्यायची. खेड्यापाड्यातले मिस्त्री म्हणायचे, चाचीच्या बोटात माप आहे. हे तिच्या कानावर आलं होतं आणि ते खोटं आहे असं तिलाही कधी वाटलं नव्हतं.

जो कुणी रिकाम्या हातानं यायचा त्याची खैर नव्हती. एकदा एक जण म्हणाला, "चाची, ते गोल असते ना, मंधात भोक असते, ते द्या."

"बाबू," ती म्हणाली, "मंधात भोक असलेल्या दोन हजार चिजा हायेत या दुकानात. एक तुह्या खांद्यावर हाये, तिच्यात काय बसवू?"

अलीकडं लोक मोबाइलवर फोटो काढून आणायला लागले होते. तिच्या मुलाला, आसिमला, ते चालायचं. त्यानं गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर ठेवला होता, त्यात नंबर टाकला की पार्टचं चित्र यायचं. नजमुन्निसा त्या पडद्याकडं पाठ करून बसायची. फोटो पुढं केला की ती म्हणायची, "बायकोले ताप आला तं तिचा फोटो घेऊन दवाखान्यात जाशील का बे?" मग गिऱ्हाईक हसायचं आणि गाडीला किक मारून जुना पार्ट आणायला जायचं. दोन किलोमीटर असो की सहा, जायचंच.

ऑइल सील म्हणजे शाफ्टभोवती घट्ट बसणारी रबराची चकती, गिअरबॉक्समधलं तेल बाहेर येऊ देत नाही ती. सीलांच्या तारा तिनं तिच्याच हिशेबानं लावल्या होत्या. एका मापाची दहा सील एका तारेत ओवलेली, आणि तारेच्या टोकाला चिंधी. हिरवी चिंधी गुलनाजच्या, म्हणजे सुनेच्या, लग्नातल्या ओढणीची. ती रोटावेटरच्या सीलला. लाल चिंधी जुन्या चादरीची. तिचं सील बाहेरून अगदी हिरवीएवढंच, आतून मात्र एका मिलीनं मोठं. दोन्ही शेजारी शेजारी टांगलेली. आसिम म्हणायचा, अम्मी, चिठ्ठी चिकटवू का? ती म्हणायची, चिकटव तुझ्या कपाळावर.

ते दोन हजार सतराचं साल होतं. बीटी कापसाला अळी लागत नाही असं ज्या पराटीबद्दल सगळे सांगत होते, तिच्या बोंडात त्या साली गुलाबी अळी निघाली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत काळी कवडी. लोकांनी फवारे वाढवले. एक झाला, दोन झाले, पाचवा-सहावा झाला. पाठीवरचे पेट्रोलचे फवारणी पंप सकाळपासून सांजेपर्यंत घुरघुरायला लागले, आणि पंप जितका चालतो तितका बिघडतो. श्रावणापासून दुकानात ट्रॅक्टरवाल्यांपेक्षा पंपवालेच जास्त. कुणाचा वायसर फाटला, कुणाचा नळ चोंदला, कुणाचा प्लग गेला. माणसं शेतातून सरळ यायची. डोळे लाल, सदऱ्याची पाठ ओली, अंगाला औषधाचा तो उग्र, गोडसर वास. कायदा सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून जुना पार्ट हातातच असायचा आणि त्यातून औषध ठिबकत असायचं.

नजमुन्निसा तो उचलायची आणि बोट आतून फिरवायची.

पहिल्यांदा बोटांना खाज सुटली. मग शेंड्यांची कातडी पांढरी पडली आणि लसणाच्या सालीसारखी सुटायला लागली. तिनं खोबरेल लावलं. हळद लावली. गुलनाजनं दवाखान्यात नेलं, तिथं सांगितलं की औषधाला हात लावू नका, हातमोजे घाला. हातमोज्यांचं खोकं गल्ल्याखाली जाऊन बसलं ते तिथंच राहिलं. मोजा घालून पार्ट बघायचा म्हणजे पदर डोळ्यावर घेऊन सुईत दोरा ओवायचा, असं तिचं म्हणणं.

दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस ती तव्यावर रोटी उलटत होती. चिमटा तिनं आयुष्यात वापरला नव्हता. रोटी उलटली, दाबली, पुन्हा उलटली, आणि वास आला. गुलनाज धावली. "अम्मी, हाथ!" म्हणाली. बोटाचा शेंडा तव्याला टेकलेला होता आणि नजमुन्निसाला ते कळलंच नव्हतं. मोठा फोड आला. दुखला नाही. ती सुनेला म्हणाली की तुझी रोटी जाड होती म्हणून वेळ लागला, आणि आसिमला हे सांगायची गरज नाही.

गुलनाजनं सांगितलं नाही. त्या घरात बोलणी खाण्यापेक्षा गप्प राहणं स्वस्त होतं.

कार्तिकात लोकांनी आशा सोडली. वेचायला माणूस लावावा तर कवडी कापसात मजुरी निघेना. जमिनीत ओल होती तोवर पराटी मोडून हरभरा टाकावा असं एकानं केलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. उभ्या पराटीवर ट्रॅक्टरमागं फिरत्या पात्यांचे रोटावेटर चालायला लागले. बोंडांसकट, पानांसकट पराटी चिरडून मातीत जायची आणि मागं भुरकट रान उरायचं, त्यात मधेमधे पांढरे ठिपके. डोणगावात भाड्यानं चालणारे रोटावेटर चार. त्यातला जुना आणि मोठा मोतीरामचा. त्याच्याकडं पंधरा दिवसांच्या पाळ्या लागल्या होत्या. ज्याची पाळी चुकली त्याची ओल गेली आणि ज्याची ओल गेली त्याचा हरभराही गेला, एवढा साधा मामला होता.

एका सकाळी मोतीरामच्या रोटावेटरच्या गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं. सील गेलं होतं. जानराव मिस्त्रीनं ते काढलं. हा जानराव गफ्फारचा चेला. सोळा वर्षांचा असताना दुकानामागं पाने पुसायला आला आणि गफ्फार गेल्यावर स्टँडपलीकडं लिंबाखाली त्यानं स्वतःचं बस्तान मांडलं. बोलायला कमी, हाताला चांगला. तो जुनं सील फडक्यात घेऊन आला तेव्हा काउंटरवर आठ जण होते. दोघं पंपाचा वायसर मागत होते, एक जण काल नेलेला प्लग परत करायला आला होता, आणि इलेक्ट्रिकचा माल परत होत नाही हे नजमुन्निसा त्याला त्याच्या बापापासून सुरुवात करून समजावत होती. मोतीराम बाहेर ट्रॅक्टर चालूच ठेवून उभा होता आणि हॉर्न वाजवत होता.

जानरावनं फडकं उघडलं. सील झिजून फाकलेलं, नंबर घासून गेलेला. तिनं उचललं, बोट आतून फिरवलं, अंगठा बाहेरून फिरवला, मागं वळली, खिळ्यावरून एक सील ओढलं आणि काउंटरवर टाकलं. सगळं नेहमीसारखं. प्लगवाल्याचा बाप अजून संपायचा होता.

तिसऱ्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, ऐन दुपारी मोतीराम आला. खांद्यावर पोतं. काउंटरवर पोतं उपडं केलं तसे दोन गिअर काचेवर आदळले. दात निळे पडलेले, एका ठिकाणी तर तीन दात साफ उडालेले. काच तडकली नाही हे नशीब.

मोतीराम म्हणाला की तेल सगळं गळून गेलं, धुळीत दिसलं नाही, गिअरबॉक्स कोरडा चालला आणि शेताच्या मधोमध जाम झाला. नऊ जणांची रानं बाकी आहेत. लोक घरी येऊन बसलेत.

"चाची, सील तुमचं होतं," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. मोतीराम चांगला माणूस होता, तीस वर्षांचं गिऱ्हाईक.

बाजाराचा दिवस. दुकानात दहा-बारा माणसं, पायरीवर अजून पाच-सहा. आसिम कॉम्प्युटरवरून उठला. नजमुन्निसानं गिअर उचलला, उलटसुलट केला, खाली ठेवला.

"सील कुठं हाये?"

"जळून कोळसा झालं. फेकलं जानरावनं."

"बसवलं कोनं होतं?"

जानराव दारातच उभा होता. त्यानं हात वर केला नाही, पण सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं.

नजमुन्निसाही पाहत राहिली. मग म्हणाली, "जानराव, सील बसवाले हात लागते बाबू. हातोडा नाई."

लोक हसले. फार नाही, पण हसले. जानरावला काहीतरी बोलायचं होतं असं आसिमला वाटलं. पण तो पायरी उतरून गेला. मोतीरामनं गिअर पोत्यात भरले आणि रोटावेटर मेहकरला ओढून नेला.

ते वाक्य संध्याकाळपर्यंत हॉटेलात पोचलं. दुसऱ्या दिवशी बीबी गावाहून आलेल्या एका ड्रायव्हरनं ते नजमुन्निसालाच ऐकवलं. चार दिवसांत लिंबाखालचे ट्रॅक्टर पाचावरून एकावर आले, आणि तो एक बंद पडलेला, जागचा हलवता येत नव्हता म्हणून तिथं. स्टँडवरची रिकामी पोरं जानराव दिसला की हवेत हातोडा मारल्यासारखं करायची.

आठव्या दिवशी जानरावची बायको आली, कौशल्याबाई. ती मजुरीला जाणारी बाई. एरवी या दिवसांत तिचे हात वेचणीच्या बोंडांनी ओरखडलेले असायचे, त्या वर्षी तिच्या हातांना काहीच झालेलं नव्हतं. वेचायला काही उरलं नव्हतं. काउंटरसमोर येऊन ती उभी राहिली. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत थांबली.

"काय पायजे?" नजमुन्निसानं विचारलं.

"काई नाई पायजे चाची. एक गोष्ट सांगाची व्हती." तिनं पदर सारखा केला. "सील बसवलं त्या दिवशी हे घरी आले, हात धुता धुता म्हणाले, आज सील ढिल्लं वाटलं. मी म्हटलं मंग काऊन बसवलं? तं म्हणाले, चाचीच्या हातचं हाये, माह्याच हाताले काई झालं असन."

नजमुन्निसा म्हणाली, "नवऱ्याची वकिली कराले आली का?"

"वकिली कायची. आमचं काम बसलं म्हणून आले. तुम्ही मोठ्या. तुमच्या बोलण्यानं बसलं, तुमच्याच बोलण्यानं उठन, म्हणून आले."

"ढिल्लं वाटलं होतं तं तवाच माह्यापुढं आणून आपटाचं होतं."

कौशल्याबाई म्हणाली, "येतो," आणि गेली. तिच्या चपलेचा पट्टा तारेनं बांधलेला होता, तो फरशीवर टिकटिक वाजत गेला.

दुपारी आसिम जेवायला गेला तेव्हा नजमुन्निसा सहज म्हणून उठली. तसं सहज काही नव्हतं. ती सीलांच्या भिंतीपाशी गेली आणि हिरव्या चिंधीची तार खिळ्यावरून काढली.

माल खामगावहून यायचा. तिथला व्यापारी दहा सीलांची तार करून दोन्ही टोकं पांढऱ्या दोऱ्यानं बांधून द्यायचा, वर गाठ. पहिलं सील विकायचं तेव्हा तो दोरा तोडावा लागायचा. हिरवीची ही तार दसऱ्याच्या मालातली. आधीची संपल्यावर तिनं स्वतः टांगली होती. त्यानंतर त्या मापाचं एकच गिऱ्हाईक आलं होतं, मोतीराम.

दोरा तसाच होता. गाठ तशीच होती. गाठीवर खामगावची धूळ होती.

शेजारी लाल चिंधीची तार. तिचा दोरा तुटलेला.

ती स्टुलावर बसली. रस्त्यावरून मेहकरची गाडी गेली, काच हलली, थांबली. तार वाचता येणारं या घरात दुसरं कुणी नव्हतं. आसिमला चिंध्यांचा हिशेब ठाऊक नव्हता, तिनंच कधी शिकवला नव्हता. जळालेलं सील उकिरड्यात गेलं होतं. उरला होता तो पांढरा दोरा.

तिनं दातानं दोरा तोडला. हिरवीतलं एक सील काढलं आणि लालीत ओवलं. आता भिंतीवर सगळं बरोबर दिसत होतं. हिरवीत नऊ, जशी असायला हवी होती तशी. हे सगळं तिच्या हातांनी इतक्या सफाईनं केलं की ती स्वतःच पाहत राहिली.

मग तिला वाटलं, नको, लालीत हे सील राहिलं तर उद्या कुणाला चुकीचं जाईल. ते परत काढून गल्ल्यात टाकावं म्हणून तिनं लाल तार हातात घेतली. शेवटची दोन सील ओढली. एक उजव्या हातात आलं, एक डाव्या. सगळी एकाच रंगाची, एकाच कंपनीची. नंबर मुंगीएवढे. तिनं सवयीनं बोट आतून फिरवलं. एकात. मग दुसऱ्यात. मग पुन्हा पहिल्यात.

काहीच नव्हतं. नळावरचं पाणी दुसऱ्याच्या हातावर पडावं तसं.

तिनं डावं बोट वापरून पाहिलं. गालाला लावून पाहिलं. शेवटी ओठांना लावलं; ओठांना रबराची चव कळली, माप कळलं नाही. आसिम येईपर्यंत ती तशीच बसून होती, दोन्ही हातांत दोन सील.

"क्या हुआ अम्मी?" त्यानं विचारलं.

"इसमें कौनसा बडा है, देख," ती म्हणाली.

आसिमनं आधी सीलांकडं पाहिलं, मग तिच्या बोटांकडं. बोटं त्यानं नीट पाहिली ती बहुधा त्या सालात पहिल्यांदाच. शेंडे गुलाबी, चकचकीत, रेषा पुसलेल्या. नुकत्या जन्मलेल्या पोरासारखे. त्यानं खणातून मोजपट्टी काढली, ती सरकत्या जबड्याची, जिला मिस्त्री लोक व्हर्नियर म्हणतात. दोन्ही सील मोजली आणि उजव्या हातातलं मोठं आहे म्हणाला. तिनं अंदाजानं डाव्या हातातलं मोठं धरलं होतं.

ती म्हणाली, बाजाराच्या दिवशी मोतीरामला बोलाव. जानरावलाही. दुपारी बोलाव, गर्दी असते तेव्हा. आसिम म्हणाला, अम्मी, त्यांच्या घरी जाऊन सांगू, मी जातो, दुकानात कशाला? गिऱ्हाईक तुटेल. नजमुन्निसानं त्याला सांगितलं की बोललेलं काउंटरवरून होतं, मागल्या दारानं नाही.

बाजाराच्या दिवशी ती काउंटरवर बसली. नवा दुपट्टा घेतला होता. जानराव आला तो पायरीवरच थांबला; एकदा याच दुकानात हसू झालेला माणूस आत कसा येईल. मोतीराम आत आला. रोटावेटर मेहकरहून आला होता, पण नऊतल्या चार जणांची ओल गेली होती, ते त्यानं येतानाच सांगितलं. दुकान भरलेलं होतं. एक जण पंख्याचा पट्टा मागत होता.

"थांब जरा," नजमुन्निसा त्याला म्हणाली. मग उठून उभी राहिली. काउंटरवर ती कधी उभी राहत नसे, त्यामुळं लोक आपोआप तिच्याकडं वळले.

"मोतीराम, ते सील म्या चुकीचं देल्लं. एक मिलीनं मोठं. जानरावच्या बसवण्यात खोट नव्हती. त्याच्या हाताले ते ढिल्लं समजलं होतं, माह्या हाताले समजलं नाई." तिनं दोन्ही पंजे उघडून काचेवर ठेवले. "पाहून घ्या. पंपाच्या औषधानं बोटं मेली. दोन महिने झाले. म्या लपवलं."

पंख्याच्या पट्ट्यावाला आपल्या स्वतःच्या हातांकडं बघायला लागला. तोही फवारणीचाच माणूस होता.

मोतीराम म्हणाला, "जाऊ द्या चाची. वय झालं आता तुमचं."

त्यानं चांगल्या मनानंच म्हटलं होतं. नजमुन्निसाच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "वयाचा काई संबंध नाई," ती म्हणाली. "बोटायचा हाये. आन् जाऊ कायले देऊ? तुहे दोन्ही गिअर, क्राउन-पिनियन, जाईन दुकानातून, आसिम काढून ठेवते. ज्या चौघायची ओल गेली त्यायचं म्या काई करू शकत नाई. त्यायले सांग, सील नजमाबीनं चुकवलं. मिस्त्रीचं नाव घेतलं तं मले येऊन विचाराले लाव."

मग ती पायरीकडं वळली. "जानराव, ढिल्लं वाटलं तं बोलला काऊन नाई?"

जानराव चपलेनं पायरीची कड घासत होता. "बोललो असतो," तो म्हणाला, "तं तुम्ही आयकलं असतं का चाची?"

दुकानात दहा माणसं आणि तीस वर्षांची जीभ. नजमुन्निसा खाली बसली आणि पंख्याचा पट्टा मागणाऱ्याला म्हणाली, "जुना आणला का?"

लिंबाखाली ट्रॅक्टर एकदम आले नाहीत. गेलेलं गिऱ्हाईक गेलं तसं परत येत नाही. मोतीराम आला, त्याच्या मागं दोघं आले. हवेत हातोडा मारणारी पोरं आणखी महिनाभर मारत राहिली, त्यांना मधलं काही कुणी सांगितलं नव्हतं. हॉटेलात आता नवी गोष्ट होती, नजमाबीच्या बोटांची, आणि ती सांगताना लोक तिच्यासारखे पंजे उघडून दाखवायचे.

तिनं हातमोज्यांचं खोकं वर काढलं. मोजे घालून बसली की बोटं फुगलेली दिसायची. आसिमनं व्हर्नियर काउंटरवर आणून ठेवली, काही न बोलता, गल्ल्याच्या आणि तिच्या मधोमध. चिंध्यांच्या खाली चिठ्ठ्याही लागल्या. कपाळाचा विषय तिनं काढला नाही. गिऱ्हाइकं जुना पार्ट आणतच होती, कायदा तोच होता, फक्त आता तो पार्ट आधी आसिमच्या हातात जायचा. काही जुनी माणसं मात्र तिच्याच पुढं ठेवायची. ती मोज्यातल्या हातानं तो उचलायची, उलटसुलट करायची आणि आसिमकडं सरकवायची.

पौषात एक दिवस जानराव आला. सकाळची वेळ, दुकान नुकतंच उघडलेलं, आसिम मागं माल उतरवून घेत होता. जानरावनं फडकं उघडलं. सीलच होतं, रोटावेटरचं.

नजमुन्निसा उठली, हिरव्या चिंधीच्या तारेतून एक काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. जानरावनं ते उचललं. क्षणभर हातात धरलं. मग फडक्यात गुंडाळायला लागला. व्हर्नियर त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. त्यानं तिकडं पाहिलंही नाही.

"मोज," ती म्हणाली.

"राहू द्या चाची."

तिनं व्हर्नियर उचलून त्याच्यापुढं ठेवली. "मोज."

जानरावनं फडकं सोडलं. जुनं सील झिजलेलं, त्यावर भरवसा नव्हता, म्हणून त्यानं खिशातून कागद काढला. शाफ्टचं माप त्यानं घरूनच लिहून आणलं होतं. म्हणजे मोजायचं त्याच्या मनात आधीपासून होतं. त्यानं नव्या सीलात जबडा उघडला, उजेडाकडं धरला, डोळा बारीक केला, कागद पाहिला, पुन्हा पट्टी पाहिली. घाई केली नाही. गफ्फारनं त्याला तसंच शिकवलं होतं.

नजमुन्निसा मोज्यातले दोन्ही हात काचेवर ठेवून वाट पाहत बसली.

"बरोबर हाये," जानराव म्हणाला.

तीस वर्षांत तिच्या हातच्या मालाला कुणी बरोबर म्हटलं नव्हतं. म्हणायची कुणाला वेळच आली नव्हती. तिनं मान हलवली, सील कागदात बांधून दिलं आणि पायरीवर चढणाऱ्या माणसाला विचारलं, "तुले काय पायजे?"